ज्याची थट्टा, त्याच्याच हस्ते

आमच्या चंद्रपुरात एप्रिल-मेच्या दुपारी जो माणूस रस्त्यावर दिसतो, तो एकतर बदली होऊन नवा आलेला असतो, नाहीतर घरात भांडून बाहेर पडलेला असतो. बाकीचं गाव कूलरसमोर बसून गप्पा मारतं. दुपार मोठी, विषय थोडे. मग एकच किस्सा पाच जण पाच तऱ्हेनं सांगतात आणि सहावा उठून म्हणतो, "तुमाले काय माहीत? मी होतो ना तिथी!" अशानं किस्से साचत जातात. त्यांना झाडून काढायला कोणी नसतं, म्हणून आणखी साचतात.

आमच्या कंपूकडे तर भलतेच साचलेत. कंपू म्हणजे 'माकडहाड'. हा आमचा विनोदी दिवाळी अंक. संपादक बबनभाऊ उराडे. मी कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून प्रुफं माझ्याकडे. रज्जाकभाईंचं पेंटिंगचं दुकान आहे, गाडीच्या नंबर प्लेटपासून नेत्याच्या वाढदिवसाच्या बोर्डापर्यंत सगळं ते रंगवतात, म्हणून व्यंगचित्रं त्यांच्याकडे. लिहिणं, विडंबनं करणं, भांडणं ओढवून घेणं आणि ती निस्तरणं, हे सगळं बबनभाऊंकडे!

अंकाला असलं नाव का, असं एकदा नागपूरच्या एका पाहुण्यानं नाक मुरडून विचारलं. बबनभाऊ म्हणाले, "खुर्चीवर बसनाऱ्याले ज्या हाडाची याद राहाले पायजे, तेच हाड हाय हे." पाहुणा उठून उभाच राहिला. त्याला बसा म्हटलं तरी बसेना.

तर या अंकाचा एक नियम आहे. ज्याचं सगळ्यात मोठं विडंबन अंकात, तोच त्या वर्षीचा प्रमुख पाहुणा. अंकाचा गठ्ठा त्यानं स्वतःच्या हातानं सोडायचा आणि स्वतःवरचं विडंबन लोकांसमोर मोठ्यानं वाचायचं. पाहुणा आला नाही तर गठ्ठा सुटणार नाही. बबनभाऊंनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "ज्या साली पाहुना नाई आला, त्या सालापासून अंक बंद. कायमचा!"

आम्ही त्यांना पुष्कळ समजावलं. अहो, शिव्या खायला आपण होऊन कोण येईल? ते म्हणाले, "आनू ना आपन. काऊन नाई येनार?" हा माणूस एकदा असं म्हणाला की त्याच्यापुढे बोलणं म्हणजे वीजकेंद्राच्या चिमणीला फुंकर घालणं!

* * *

हा नियम आला कुठून, ते सांगते.

बबनभाऊंचं गाव सिंदेवाहीकडचं. धानाचा मुलूख. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि भर दुपारी बाजारात दंडार रंगते. दंडार म्हणजे ढोलकी, गाणं, नाच आणि मधूनमधून गावातल्या बड्या लोकांची बिनधास्त टिंगल. बबनभाऊंचे वडील दंडारीतले नावाजलेले गडी.

तरण्या बबननं पहिल्यांदा सोंग घेतलं ते पाटलाचं. पाटलाची चाल, पाटलाचं खाकरणं, पाटलाचं धोतर सावरणं. मंडई हसून लोळायला लागली. एवढ्यात वडिलांनी ढोलकी थांबवली.

"पाटील कुठी हाय?"

"लेकीच्या गावाले गेले."

"मंग तू हसून कोनाले राह्यला बे? त्याच्या खाली खुर्चीले?"

आणि भर मंडईत सोंग उतरवून ठेवायला लावलं! बबनभाऊ सांगतात, त्या दिवशी जेवण गेलं नाही. तोंडावर केली तर ती थट्टा, पाठीमागं केली तर ती चुगली, एवढं मात्र कायमचं समजलं.

पुढच्या मंडईला त्यांनी तेच सोंग पुन्हा घेतलं. या खेपेस पाटील पुढच्या रांगेत. मिशीवर हात, चेहरा दगडाचा. सोंग संपलं. हसावं की नाही, म्हणून सगळी मंडई पाटलाकडेच पाहायला लागली. पाटील उठले, चौकात आले आणि म्हणाले, "चाल बराबर नाई जमली तुले. मी डावा पाय आधी टाकतो." आणि चालून दाखवलं!

* * *

पुढे बबनभाऊ माजरीकडे कोळसा खाणीत टाइमकीपर म्हणून लागले. तिथे त्यांना नोटीस बोर्ड नावाची वस्तू सापडली आणि त्यांच्यातला लेखक जागा झाला.

सुरक्षेच्या सूचना रोज बोर्डावर लागायच्या. कोणी वाचायचं नाही. एक दिवस त्या सूचनांच्या शेजारी, तशाच टाइपात, तशाच भाषेत आणखी एक कागद लागला: "सर्व कामगारांस सूचित करण्यात येते की, दुपारी जेवणानंतर मॅनेजर साहेबांच्या केबिनजवळ मोठ्याने बोलू नये. आत सुरक्षा झोपलेली आहे."

सगळी शिफ्ट बोर्डापुढे! साहेबांपर्यंत बातमी गेली. त्यांनी टाइमकीपरला बोलावलं. साहेब उत्तरेकडचे, आवाज भारी.

"ये किसने लिखा?"

"मी लिहिलं, साहेब."

"नीचे नाम क्यों नहीं डाला?"

साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "अगली बार नाम डालना! सब समझ रहे हैं मैंने लिखा है. कल से चार लोग आकर पूछ गए, साहब, तबियत ठीक है?"

विडंबन म्हणजे काय, हे मी वर्गात शिकवते तेव्हा हाच किस्सा सांगते. पुस्तकातली व्याख्या मुलं विसरतात, पण झोपलेली सुरक्षा पेपरात बरोबर लिहून येतात.

'माकडहाड'चा पहिला अंक निघाला तेव्हा पहिले पाहुणे तेच साहेब. खाणीच्या कॅन्टीनमध्ये उभं राहून त्यांनी ती सूचना तोडक्यामोडक्या मराठीत वाचली. जेवणानंतरची वेळ होती. वाचता वाचता त्यांना जांभई आली, त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

* * *

एका वर्षी नंबर लागला आमच्याच एका कवीचा. प्राध्यापक, दाढी, शबनम. कविता अशी की ऐकणाऱ्याला आपण काही गुन्हा केला आहे असं वाटावं. 'मी झाडाच्या आत झाड होऊन, झाडालाच झाड विचारतो' वगैरे. बबनभाऊंनी त्याच चालीवर एस.टी.ची वाट पाहणाऱ्या माणसाची कविता लिहिली:

"मी फाट्यावर फाटा होऊन उभा
शेवटची गाडी गेली म्हणतात
गेली तर गेली
मायनं भात झाकून ठेवला असेल
आणि झाकणावर नजर."

कवी आले. नियमाला जागले. मात्र म्हणाले, "आधी माझी मूळ कविता वाचीन, म्हणजे रसिकांना तुलना करता येईल." बबनभाऊ म्हणाले, "वाचा ना, बाप्पा."

मूळ कविता सुरू झाली आणि लोक पहिल्या ओळीलाच फुटले. झाड आलं की हशा, पुन्हा झाड आलं की आणखी हशा. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग विडंबन सुरू झालं आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई पदरानं डोळे टिपू लागल्या. मी स्वतः चष्मा पुसला, उगाच कशाला खोटं बोलू?

रज्जाकभाई माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, दोनो उल्टे छप गये क्या?"

कवी खाली उतरले. मग बबनभाऊंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "उराडे, ही दुसरी माझ्या पुढच्या संग्रहात घेऊ का?"

"घ्या ना, सर. पन मंग पुढच्या साली तिचं बी विडंबन करन मी!"

* * *

बबनभाऊंचा पहिला वाचक म्हणजे त्यांची बायको शोभाबाई. खरं तर वाचक नव्हे, ऐकणारी. शोभाबाई सुपात तांदूळ घेऊन पाखडत बसतात आणि बबनभाऊ समोर बसून वाचतात. या बाई आजपर्यंत एकदाही हसल्याचं कोणी पाहिलेलं नाही. पण वाचता वाचता सूप थांबलं, तर लेख पास. सूप चालूच राहिलं, तर कागद चुलीत. एवढी कडक संपादकी मी विद्यापीठातसुद्धा पाहिली नाही!

एकदा मी त्यांना विचारलं, "शोभाबाई, भाऊ साऱ्या जिल्ह्यावर लिहितात, तुमच्यावर का नाही लिहीत?"

त्या खडे वेचता वेचता म्हणाल्या, "लिहू दे ना. मी तं रोजच हजर हाव. तेच भेतेत."

आत बबनभाऊंना ऐकू गेलं असणार. बाहेर मात्र आले नाहीत.

* * *

प्रकाशनाची जागा पाहुण्याच्या सोयीनं ठरते. एका वर्षी पाहुणे होते मोहर्लीचे कुमरेभाऊ, ताडोब्याच्या सफारीतले जुने गाइड. म्हणून कार्यक्रम मोहर्लीला, सकाळची सफारी परतल्यावर आणि दुपारची निघायच्या आधी. झाडाखाली खुर्च्या. ऐकायला गाइड, जिप्सीवाले, आणि जेवून सुस्तावलेले पर्यटक.

बबनभाऊंनी गाइडच्या बोलण्याचं विडंबन केलं होतं. कुमरेभाऊंनी गठ्ठा सोडला आणि अगदी सफारीतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली: "डावीकडे पाहा, पंजा. उजवीकडे पाहा, विष्ठा. समोर पाहा, दुसरी जिप्सी. मागे पाहा, तिसरी जिप्सी. वाघ? वाघ आत्ता इथेच होता, साहेब! तुमची गाडी यायच्या जरासा आधी गेला."

पर्यटक खुर्चीतून पडायचे बाकी होते. एवढ्यात तळ्याच्या बाजूनं वानरानं खोकल्यासारखा आवाज दिला. जंगलातली माणसं त्याला 'कॉल' म्हणतात. वानर असं ओरडलं म्हणजे त्याला वाघ दिसला. दुसऱ्यांदा ओरडलं आणि आमचा सगळा कार्यक्रम उठला! वाघ पाहायला पर्यटक तळ्याकडे पळाले, जिप्सीवाले पळाले, माइकवाला पळाला. रज्जाकभाईसुद्धा गेले, मोबाइल हातात घेऊन. मी जागची हलले नाही, पण तो संयम नव्हता, चप्पल सापडेना.

उरलो आम्ही तिघं. कुमरेभाऊ वाचतच होते.

मी म्हटलं, "भाऊ, थांबा ना. लोक येऊ द्या."

"मी पाहुना हाव ना, मॅडम? पूरं वाचाचं म्हनते भाऊ, तं पूरं वाचतो. वाघ काय, उद्या बी दिसन."

बबनभाऊ एकटेच श्रोता म्हणून बसले होते, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे ताठ. मला त्या दोघांचं इतकं कौतुक वाटलं की वाघालाच विसरले.

बऱ्याच वेळानं सगळी गर्दी धापा टाकत परत आली. कुमरेभाऊंनी विचारलं, "काऊन गा, दिसला काय?"

सगळे एका आवाजात म्हणाले, "आत्ता तिथेच होता!"

* * *

धमकीचे फोन आम्हाला येतातच. एकदा माझ्यासमोर आला. स्पीकर चालू होता.

"ओ उराडे! पाहून घेईन तुमाले!"

बबनभाऊ शांतपणे म्हणाले, "या ना. इतवारी दुपारी कार्यक्रम हाय. पाहून बी होईन, वाचून बी होईन. चहा हाय."

तो खरोखर आला. मागच्या रांगेत बसला आणि जाताना विचारून गेला, "पुढच्या साली माह्यावर हाय काय काही?"

* * *

पण सगळ्यात अवघड पाहुणा होता अहेरीचा. अहेरीच्या एका कचेरीतला साहेब. कोणती कचेरी ते मी सांगणार नाही, तिथे अजून माझं एक काम अडकलंय. या साहेबांची ख्याती अशी की त्यांना खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं. केव्हाही जा, शिपाई म्हणायचा, "साहेब दौऱ्यावर." बबनभाऊंनी 'दौरामाहात्म्य' लिहिलं, अगदी पोथीच्या थाटात. शोभाबाईंचं सूप चांगलंच थांबलं. पण पाहुणा आणायचा कसा?

रज्जाकभाई म्हणाले, "जो आदमी दफ्तर में नहीं आता, वो अपने फंक्शन में क्या आयेगा? भाऊ, दुसरा कोई पकडो."

"नाई. हाच पायजे."

बबनभाऊ एस.टी.नं अहेरीला गेले. तिथे त्यांच्या भाच्याकडे मुक्काम. रोज सकाळी कचेरी उघडायच्या वेळेला इस्त्रीचा सफारी सूट घालून कचेरीतल्या बाकावर जाऊन बसायचे. मांडीवर वही. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "साहेबांची वाट पाहून राह्यलो." वहीत ते पुढच्या अंकाचे लेख लिहीत होते. पण कचेरीला ते कसं कळावं? कारकुनांत कुजबुज सुरू झाली. नागपूरचा माणूस आहे. नाही, मुंबईचा आहे. तपासणीला आलाय. सगळं टिपून घेतोय!

दुसऱ्या दिवशी सगळे कारकून वेळेवर आले. तिसऱ्या दिवशी खुद्द साहेब आले! आले ते रोजच यायला लागले. बाकावरचा माणूस उठेना, म्हणून साहेबही खुर्चीतून उठेनात. वर्षानुवर्षं अडकलेले कागद निघायला लागले. आठवडी बाजाराला आलेली माणसं बाजार सोडून कचेरीत शिरायला लागली.

बबनभाऊ शेवटी आत गेले, नमस्कार केला आणि निमंत्रण दिलं. आपण कोण ते खरं सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला, आणि मग त्यांना इतकं हायसं वाटलं की त्या भरात त्यांनी येतो म्हणून कबूल केलं. कार्यक्रमाला आले, वाचलं, हसलेसुद्धा.

पण किस्सा तो नाही. बबनभाऊ अहेरीहून परत निघाले तेव्हा बसस्टँडवर पाच-पन्नास माणसं जमली होती. कोणी मराठीत, कोणी तेलुगूत, कोणी गोंडीत, पण सगळे एकच विनवत होते. एका म्हाताऱ्या बाबांनी तर त्यांची पिशवीच धरून ठेवली.

"भाऊ, आनखी थोडे दिवस बसा ना बाकावर! माह्यं काम परवा होनार हाय!"

* * *

आता अलीकडचा.

दिवस बदलले. पूर्वी माणसाची थट्टा केली की तो चिडायचा, आता त्याच्या भावना दुखावतात. चिडलेल्या माणसाला चहा पाजता येतो. भावनांना काय पाजणार? त्यात सगळं मोबाइलवर फुकट. अंक घेणारे म्हातारे झाले, बबनभाऊही झाले. हात कापतो, अक्षर मला लागत नाही. मी आणि रज्जाकभाई आपसात म्हणायचो, आता हे कधीतरी थांबणार. थांबावं असं मात्र आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.

अशा वर्षी बबनभाऊंनी पाहुणा निवडला तो पप्पूशेठ! रस्त्यांचे मोठे ठेकेदार. त्यांनी केलेल्या एका रस्त्याचं भूमिपूजन इतक्या वेळा झालं होतं की गावातल्या पोरांना तो सणच वाटायचा. बबनभाऊंनी त्या रस्त्याची लग्नपत्रिका लिहिली:

"आमचे येथे पप्पूशेठकृपेकरून चि. डांबर यांचा शुभविवाह चि. सौ. कां. खडी हिच्याशी करण्याचे पुन्हा एकदा योजिले आहे. मांडव तोच, नारळ नवा. वधूवर एकमेकांस चिकटतीलच अशी खात्री देता येत नाही. मृग लागताच काडीमोड. कृपया आहेर आणू नये, आहेर आधीच पोहोचला आहे."

शोभाबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे छापा." लेखाबद्दल आजवर एवढं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

बबनभाऊ निमंत्रण घेऊन गेले. पप्पूशेठनं बसायलासुद्धा सांगितलं नाही. "मी नाई येत. आन अंक बी निघू देत नाई. पाहू कोन काढते तं!" दुसऱ्या दिवशी हॉलवाल्याचा फोन, हॉल मिळणार नाही. मग ज्यांनी जाहिराती दिल्या होत्या त्यांचे फोन, आमचं नाव काढा. मग कळलं, शेठनं पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

आम्ही दोघं बबनभाऊंकडे गेलो. मी हात जोडले. म्हटलं, "भाऊ, एक पान काढा. दुसऱ्या कोणावर लिहा, येईल असा कोणी बोलवा. अंक तरी जगेल."

"पान नाई काढत, मॅडम. आन पाहुना बी बदलत नाई. जो थट्टेले भेते त्यालेच सोडून देल्लं, तं मंग आपन इतके साल केलं काय?"

"आणि शेठ आला नाही तर?"

"तं अंक बंद. बोललो हाव ना मी."

मला रडू आलं आणि रागही आला. घरी येऊन मी प्रुफांची फाइल जमिनीवर आपटली. हट्टालाही काही मर्यादा असते, असं नवऱ्याला सांगत राहिले. तो बिचारा हो हो म्हणत होता.

कार्यक्रम रज्जाकभाईंच्या दुकानापुढच्या अंगणात ठेवला. भर दुपार. चारी बाजूंना अर्धवट रंगवलेले बोर्ड. टेबलावर सुतळीनं बांधलेला गठ्ठा, त्याच्यामागे रिकामी खुर्ची. लोक मात्र नेहमीपेक्षा जास्त. अंक बंद पडताना पाहायला आले होते की काय, देव जाणे. कुमरेभाऊ मोहर्लीहून आले होते, कवी आले होते. बबनभाऊंनी माइकवर सांगितलं, "पाहुन्याची वाट पाहू. ऊन उतरलं का गठ्ठा घरी नेऊ. मंग राम राम." एवढं बोलून खाली बसले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ऊन उतरायला लागलं. शोभाबाईंनी पहिल्या रांगेतून उठून पिशवी काढली, गठ्ठा ठेवायला. तेवढ्यात पोलिसांची जीप आली! पुढे ठाणेदार, मागे हवालदार, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या कपड्यांत पप्पूशेठ.

ठाणेदार सभ्य माणूस. टोपी काढून म्हणाले, "उराडेजी, तक्रार आहे. पंचनामा करावा लागेल." पंच म्हणून चहावाल्याला आणि समोर बसलेल्या एका पेन्शनर मास्तरांना उभं केलं. हवालदारानं कागद काढला.

"आक्षेपार्ह मजकूर कुठे आहे?"

"हा पाहा! याच्यात हाय!" म्हणत पप्पूशेठनं पुढे होऊन दोन्ही हातांनी सुतळी तोडली आणि वरचा अंक उपसला. अंगणात एकदम चुळबुळ झाली. रज्जाकभाई माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, गठ्ठा तो खुल गया!"

ठाणेदार म्हणाले, "तक्रारदारानं वाचून दाखवावा. हवालदार लिहून घेतील."

बबनभाऊ उठले, माइक उचलला आणि शेठच्या तोंडासमोर नेऊन धरला. "पंचायले बराबर ऐकू गेलं पायजे, साहेब." ठाणेदारांनी मान हलवली.

शेठ वाचायला लागले. आवाज रागानं चढलेला. "आमचे येथे पप्पूशेठकृपेकरून..."

"हळू, शेठ," हवालदार म्हणाला. "कृपेकरूनच्या पुढे?"

शेठनं पुन्हा वाचलं. मांडव तोच, नारळ नवा. चहावाला पंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मास्तर पंचांनी रुमाल तोंडात कोंबला. हवालदार एकेक शब्द मागून घेत होता. "आहेर... आधीच... कुठं पोचला म्हने?" शेठनं तेही पुन्हा मोठ्यानं सांगितलं. लोक हसत नव्हते, हसणं दाबून सगळं अंगण नुसतं हलत होतं. बबनभाऊंचा माइक धरलेला हात त्या दिवशी जराही कापला नाही.

वाचून झालं. ठाणेदारांनी घसा साफ केला. "ठीक. आता तक्रारदारानं नेमकं सांगावं. या मजकुरातली कोणती गोष्ट खोटी आहे?"

पप्पूशेठ घामाघूम झाले होते. त्यांनी अंक हवालदाराच्या नाकासमोर नाचवला आणि माइकवरच ओरडले, "खोटी एक बी नाई, साहेब! म्हनून तं बदनामी हाय!"

हवालदारानं पेन उचलला, ठाणेदारांकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, हे बी लिहू काय?"